डॉक्टर क्रेबिल यांचं फुकट भूत

“या वर्षी आपल्या दाराशी पोरांची रांग लागणार आहे, मार्लीस! रांग म्हणजे कशी, तर दोरी बांधावी लागेल दोरी!”

डॉक्टर ऑर्विल क्रेबिल यांनी ही घोषणा केली तेव्हा ते शिडीवर उभे होते, हातात हातोडी होती आणि तोंडात दोन खिळे होते. तोंडात खिळे असताना घोषणा करू नये, हे खरं तर दातांच्या डॉक्टरला सांगावं लागू नये. पण निवृत्त होताना डॉक्टरांनी दवाखान्याबरोबर सावधपणाही विकून टाकला असावा.

खाली शिडी धरून उभ्या असलेल्या मार्लीसबाईंनी वर न बघताच विचारलं, “गेल्या हॅलोविनला किती आली होती?”

“गेल्या वर्षी थंडी फार होती.”

“किती आली होती, ऑर्विल?”

“एक.”

“तो कुरियरवाला होता.”

डॉक्टरांनी यावर खिळा ठोकला. जरा जोरातच ठोकला.

आयोवातल्या एल्डर फोर्क गावात हॅलोविनला चंद्र उगवला नाही तरी चालतं, पण भुताखेतांचे वेश करून खाऊ मागायला पोरं आली नाहीत असं घर नसतं. एक सोडून. डॉक्टरांनी उभी हयात दारात आलेल्या प्रत्येक पोराच्या हातावर गोळ्या-चॉकलेटांऐवजी दात घासायचा ब्रश ठेवला होता. चेटकीण आली, ब्रश. समुद्री चाचा आला, ब्रश. चादर पांघरून आलेल्या भुताला तर चादर वर करायला लावून त्याची दाढ तपासली होती. त्या भुताला आज स्वतःची तीन पोरं आहेत आणि त्याने तिघांनाही हे घर लांबून दाखवून ठेवलेलं आहे. गावात नवीन आलेल्याला पडकी विहीर दाखवून ठेवतात, तसं.

डॉक्टरांना याचं काही वाटत नसे. वाटायचं ते मार्लीसबाईंना. एल्डर फोर्कमध्ये हॅलोविनला काही फुकट मिळत नाही. पोरानं आधी दारात उभं राहून एक विनोद सांगायचा, मग खाऊ घ्यायचा, अशी तिथली रीत. पुढच्या रविवारी चर्च सुटलं की सगळ्या बायका घोळका करून आपापल्या दारातले विनोद एकमेकींना सांगत आणि डोळे पुसपुसून हसत. मार्लीसबाई त्या घोळक्याच्या कडेला पर्स धरून उभ्या. त्यांच्याकडे सांगायला काय होतं? कुरियरवाल्याने सही मागितली, हा काही विनोद नव्हे!

त्यामुळे या ऑक्टोबरात त्यांनी शांतपणे सांगून टाकलं होतं, “एकही पोर आलं नाही ना, तर मी वर्नाकडे फ्लोरिडाला चालले.”

“किती दिवस?”

“कायमची. तिच्या दारात निदान मगरी तरी येतात.”

डॉक्टर आधी हसले. मग मार्लीसबाई फोनवर बहिणीला, वर्नाला, “पलंग खिडकीशी लाव” असं सांगताना त्यांनी ऐकलं आणि त्यांचं हसू जागच्या जागी वारलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती की एकट्यानं अंडं उकडायचं कसं, हे विचारायचीही आता त्यांना लाज वाटली असती.

तेव्हा त्यांना वाट दाखवली ती गावच्या वाचनालयातल्या थिया लिंडक्विस्टने. तिने अलीकडे गावात एक टूम काढली होती. हॅलोविनला खाऊबरोबर एकमेकांना भीतीची गोष्ट द्यायची. घरातलं जुनं पुस्तक द्या, नवं द्या, नसेल तर फुकट मिळणारं ई-पुस्तक द्या. पण द्या!

“पुस्तकात साखर नसते!” डॉक्टर वाचनालयात ओरडले. साहित्याचा हा गुण आजवर कुठल्याच टीकाकाराच्या ध्यानात आला नव्हता.

थियाने त्यांना एक जुनं, कुणाच्याच मालकीचं न उरलेलं ई-पुस्तक दिलं. पडक्या पाणचक्कीत राहणारा एक मुंडकं नसलेला चक्कीवाला, त्याची गोष्ट. गोड पावाचा वास आला की हा मागच्या अंधाऱ्या खोलीतून निघायचा आणि भिंतीवर ठक् ठक् करायचा. शेवटी गावकरी ती चक्की मुळासकट उपटतात तेव्हा कुठे सुटका होते. डॉक्टरांनी एका बैठकीत पुस्तक संपवलं आणि त्या रात्री दिवा लावून झोपले. मार्लीसबाईंना सांगितलं, गुडघा दुखतोय.

मग ठरलं! दारात पाटी लावायची, पाटीवर तो काळा-पांढरा चौकोन छापायचा. मोबाइल धरला की पुस्तक हजर. ना संपायची भीती, ना दातांना धोका!

“कुणाला तरी विचारून कर,” मार्लीसबाई म्हणाल्या. “त्या संगणकाचं आणि तुझं पटत नाही.”

“मी हयातभर इवल्याशा आरशात उलटं बघून सुलट्या दाढा कोरल्यात! हा चौकोन काय चीज आहे?”

आता इथे एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवतो. डॉक्टरांना मात्र इतक्यात कळू देऊ नका. त्यांच्या संगणकात ‘मुलांसाठी’ नावाचा एक कप्पा होता. त्यात चक्कीवाला ठेवला होता. पण त्याच्या शेजारी फार वर्षांपासून आणखी एक पुस्तक निजलेलं होतं. ते खुद्द डॉक्टरांचं. ‘गोड खाणाऱ्याचा शेवट’, सचित्र. गावातल्या एकेका नामांकित जबड्याचे त्यांनी स्वतः काढलेले फोटो, भरपूर मोठे केलेले, रंगीत. शाळेत दाखवायला म्हणून त्यांनी ते तयार केलं होतं. मुख्याध्यापकांनी चौथं चित्र पाहिलं, पाणी मागवलं आणि पुस्तक परत केलं. “मुलं अजून लहान आहेत,” ते म्हणाले होते. “आणि मीही.”

डॉक्टरांचा चष्मा कपाळावर होता. बोट शेजारच्या पुस्तकावर पडलं.

“एकदा उघडून तर बघ,” मार्लीसबाई म्हणाल्या.

“दाढ बसवल्यावर ती परत उपटून बघतात का?”

पाटी लागली. ‘फुकट! भयंकर पुस्तक! मोबाइल धरा, वाचा, थरथरा!’ आणि खाली, मार्लीसबाईंच्या आग्रहावरून, ‘ब्रश मिळणार नाही. शपथ.’

हॅलोविनच्या संध्याकाळी गावचा भोंगा वाजला आणि खाऊ भरायला उशांचे अभ्रे हातात घेऊन पोरं रस्त्यावर सुटली. समोर डुएन रोसॉवच्या घरापुढे तर जत्राच! डुएनचा ट्रॅक्टर विकायचा धंदा, त्यामुळे त्याला लहान काही सुचतच नसे. अंगणात हवा भरलेलं दोन मजली भूत आणि स्वतः डुएन हवा भरलेली भलीमोठी कोंबडी होऊन दारात. चोचीतून त्याचा पुढचा सोन्याचा दात चमकत होता आणि तो एकेकाला अख्खं चॉकलेट देत होता. तुकडा नव्हे, अख्खं!

इकडे मार्लीसबाई कितीतरी वर्षांपूर्वी शिवलेली चेटकिणीची टोपी घालून व्हरांड्यात बसल्या. टोपीची घडी अजून मोडली नव्हती.

पोरं आली, पाटी वाचली आणि पायरीपासून सहा हात लांब थांबली. शेवटी समुद्री चाच्याचा वेश केलेल्या टेगन नावाच्या एका मुलीने हिंमत केली. एका डोळ्यावर पट्टी होती, दुसरा डोळा डॉक्टरांवर.

“ब्रश आहे?”

“नाही!”

“दातांत घालायचा दोरा?”

“नाही गं!”

“शपथ?”

“माझ्या दवाखान्याची शपथ!”

“तो तुम्ही विकला.”

“बरं, मार्लीसची शपथ!”

“माझी कशाला?” मार्लीसबाई म्हणाल्या. “स्वतःची घे!”

टेगनला हे पटलेलं दिसलं. ती पायरी चढली, छाती पुढे काढून उभी राहिली आणि म्हणाली, “सांगाड्याला परीक्षेची भीती का वाटत नाही? कारण पोटात गोळा यायला त्याला पोटच नसतं!”

मार्लीसबाई अशा हसल्या की टोपी उडून कुंडीत पडली. विनोद बरा होता, इतकाच. पण तीस वर्षं साठलेलं हसू एकाच विनोदाला मिळालं! डॉक्टरांनी मनातल्या मनात फ्लोरिडाचं तिकीट फाडलं.

टेगनने मोबाइल पाटीसमोर धरला. तिच्या मागच्या चारपाच जणांनीही धरला. फुटपाथवर कॉफी पीत उभ्या असलेल्या आईबापांनीही हात लांब करून धरला. घोळका मोबाइलात डोकी घालून कोपऱ्यावरच्या दिव्याखाली गेला.

आणि मग कोपऱ्यावरून किंकाळी आली!

“चक्कीवाला!” डॉक्टर टाळी वाजवून म्हणाले.

दुसरी किंकाळी आली. पाठोपाठ तिसरी, ती एका बापाची होती.

“बघ मार्लीस! याला म्हणतात लेखन!”

थोड्या वेळाने टेगन परत आली. डोळ्यावरची पट्टी कपाळावर सरकली होती आणि चेहरा असा पांढरा, की वेश बदलून भूत झाली असती तरी चाललं असतं.

“डॉक्टर, हे खरं आहे?”

“अक्षर अन् अक्षर!” डॉक्टरांनी आवाज खोल केला.

“तो... अगदी मागे असतो? अंधारात?”

“मागेच! तिथे कुणाचं लक्ष जात नाही ना!”

“आणि आधी कळतसुद्धा नाही?”

“काही म्हणजे काही कळत नाही! माणूस हसतो, खेळतो, जेवून झोपतो. आणि मग मध्यरात्री, ठक्! ठक्! ठक्!”

टेगनचा हात आपोआप गालावर गेला. “पण तो येतो कशामुळे?”

“गोडामुळे! नुसता वास लागला तरी पुरे!”

“आणि मग उपाय?”

डॉक्टर खाली वाकले आणि कुजबुजले, “मुळासकट उपटणे.”

 टेगनने आपला फुगलेला अभ्रा उलटा केला आणि सगळ्या गोळ्या, चॉकलेटं, जेलीची चिकट अस्वलं डॉक्टरांच्या पायाशी ओतली. “हे तुम्ही ठेवा,” ती म्हणाली आणि घराकडे धावत सुटली. तोंड मिटून धावली.

“हे काय?” मार्लीसबाई म्हणाल्या.

“मानधन!” डॉक्टरांचा ऊर भरून आला होता.

आता एल्डर फोर्कमध्ये बातमीला वाहन लागत नाही. ‘त्या ब्रशवाल्याकडे काहीतरी भयंकर आहे!’ हे ऐकून पलीकडच्या आळीतली पोरं धावली. विनोद सांगायची, मोबाइल धरायची, किंचाळायची आणि परत येऊन अभ्रे रिकामे करून जायची. रांग लागली. खरोखरची रांग! डॉक्टर आत जाऊन कपड्यांची दोरी घेऊन आले आणि व्हरांड्याच्या खांबांना बांधताना त्यांनी मार्लीसबाईंकडे तीनदा पाहिलं. मार्लीसबाईंना वेळ नव्हता. त्या हसत होत्या. एका बुटक्या ममीने सांगितलं की रक्त पिणारा उमराव रात्रीच बाहेर पडतो, कारण दिवसा त्याची आई घरी असते. त्यावर त्यांना ठसका लागला आणि ममीने त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या.

व्हरांड्यातला ढीग डॉक्टरांच्या गुडघ्याला लागला तेव्हा रस्ता ओलांडून कोंबडी आली. तावातावाने आली, पण हवा भरलेली असल्यामुळे वारा आला की दोन पावलं मागे जायची.

“ऑर्विल! हे काय चालवलंयस तू?”

“ये डुएन, पुस्तक घेणार?”

“माझ्याकडे अख्खी चॉकलेटं आहेत, अख्खी! आणि तो तिकडचा राक्षस मला विचारतो, गाजर आहे का? कोंबडीकडे गाजर! आणि मी हसून चॉकलेट पुढे केलं तर पोरं माझ्या तोंडाकडे बघून किंचाळत पळतायत! तीन तर गटारात पडली!”

“कोंबडीला घाबरली असतील.”

“दोन तास नाही घाबरली ती!”

इतक्यात एक आई आली. “डॉक्टर, माझा कोल्बी न्हाणीघरातून बाहेर यायला तयार नाही. पेस्ट संपवली, आता साबण मागतोय!”

तिच्या मागून एक धिप्पाड बाप गाल धरून आला. “डॉक्टर, मी पोराला वाचून दाखवलं फक्त. मला कालपर्यंत काहीही नव्हतं. आता सगळी डावी बाजू ठणकतेय!”

“चक्कीवाल्यामुळे?” डॉक्टर चकित झाले. साहित्याचा परिणाम डाव्या बाजूला इतका होतो हे त्यांना नवीन होतं.

“कुठला चक्कीवाला?” बाप म्हणाला.

तेवढ्यात घुबडाच्या वेशात थिया धापा टाकत आली. पिसं विस्कटली होती, पण चेहरा उजळला होता. “डॉक्टर! अभिनंदन! या गावात एका संध्याकाळी एवढ्या लोकांनी एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलंय, असं कधी झालं नव्हतं! मला वाटलं नव्हतं तो चक्कीवाला इतका चालेल. मीही बघते परत.” तिने मोबाइल पाटीसमोर धरला.

ती बघत राहिली. मग हळूहळू खाली बसत गेली आणि चॉकलेटांच्या ढिगावर टेकली.

“डॉक्टर,” ती क्षीण आवाजात म्हणाली, “चक्कीवाल्याला मुंडकं नव्हतं.”

“नव्हतंच!”

“मग हा जबडा कुणाचा?”

डॉक्टरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. बघितलं. रंगीत होतं. भरपूर मोठं होतं. काळं, हिरवं, मध्येच एक खिंड आणि पुढे, त्या उद्ध्वस्त प्रदेशात एकटाच तग धरून उभा असलेला एक सोन्याचा दात.

सगळ्यांच्या माना हळूहळू कोंबडीकडे वळल्या. कोंबडीने तोंड मिटलं.

“ऑर्विल,” चोचीतून आवाज आला, “हा माझा जबडा आहे!”

“जुना आहे रे! उपचाराच्या आधीचा! नंतरचा फोटोही आहे, पण त्यात काही मजा नाही...”

“गावानं बघितला माझा जबडा! माझ्या गिऱ्हाइकांनी बघितला! सोमवारी मी ट्रॅक्टर कुठल्या तोंडानं विकू?”

यावर कुणीतरी मागून “उपचारानंतरच्या!” असं म्हणालं आणि डुएन त्याच्यावर धावून गेला. धावून म्हणजे, वाऱ्याने नेलं तसा गेला, दोरीला अडकला, उलटला आणि ढिगावर पाठीवर पडून पाय हलवत राहिला. फुस्स असा आवाज सुरू झाला. कोंबडी बसू लागली.

डॉक्टरांना वाटलं, संपलं. आता लोक मला तरी उलटा टांगतील, नाही तर पाटीला तरी आग लावतील. रस्त्यातून आणखी आईबाप येत होते, आणि त्यांच्या चालण्यावरून ते आभार मानायला येत नव्हते.

तेव्हा मार्लीसबाई उठल्या. टोपी सरळ केली. आत गेल्या आणि सफरचंदाच्या वाफाळत्या रसाचं सगळ्यात मोठं पातेलं घेऊन आल्या.

“भांडायचं ते बसून भांडा,” त्या म्हणाल्या. “आणि माझ्या दारात आलात तर रीत पाळा. आधी विनोद, मग तक्रार!”

एल्डर फोर्कचा माणूस कितीही तापला तरी रीत मोडत नाही. कोल्बीच्या आईने दात ओठ खात एक विनोद सांगितला आणि सांगता सांगता तिलाच हसू फुटलं. धिप्पाड बापाने गाल धरून सांगितला. भांडण पुढे चालू राहिलं, पण भांडायला ताकद लागते आणि बसल्या जागी हाताशी ढीग होता. कुणीतरी एक चॉकलेट सोललं. कुणीतरी दुसरं. आणि आईबाप बेभान होऊन खाताहेत असं पाहून फुटपाथवरच्या पोरांत हाहाकार उडाला!

“बाबा, नको! ते हिरवं चित्र आठवा!”

“आई, थुंक! थुंक म्हणते ना!”

“आजोबा, तुमचे चारच उरलेत!”

टेगन तर घरून विजेरी घेऊन परत आली होती. ती रांगेत बसलेल्या एकेका बापाला “आ करा” म्हणत फिरत होती. सरळ व्हायला आलेला डुएन तेवढा आ करायला तयार नव्हता. गावचा भोंगा पुन्हा वाजला, हॅलोविन संपलं, तरी उठायचं कुणी नाव घेईना. मार्लीसबाई सगळ्यांच्या मधोमध बसून डोळे पुसत होत्या. येत्या रविवारी चर्चबाहेर त्यांना बोलायला दुपार पुरणार नव्हती!

शेवटचा पाहुणा गेल्यावर डॉक्टर चॉकलेटांच्या कागदांतून वाट काढत त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

“मार्लीस.”

“हं.”

“पोरं आली.”

“आली ना! त्यांचे आईबापही आले. कोंबडीही आली.”

“मग आता फ्लोरिडा रद्द?”

“माझं रद्द,” मार्लीसबाई म्हणाल्या. “आता मी कुठे जाते? पुढच्या वर्षी याहून मोठं पातेलं लागेल.”

डॉक्टरांनी निःश्वास सोडला. मग तो अर्ध्यातच थांबला. “माझं म्हणजे?”

“डुएन सकाळी परत येणार आहे. कोंबडी न होता. त्याचे दोन भाऊही आहेत, तुझ्या पुस्तकात पुढच्या पानांवर. मी वर्नाला फोन केलाय. पलंग खिडकीशीच आहे. लोक जरा शांत झाले की कळवते.”

असे डॉक्टर क्रेबिल फ्लोरिडाला गेले. वर्ना राहते ती निवृत्त मंडळींची वसाहत. स्वच्छ, सुंदर आणि मगरी वेळेवर येतात. पण डॉक्टरांच्या ध्यानात एक गोष्ट आल्याशिवाय राहिली नाही. ही मंडळी सकाळ-संध्याकाळ गोड खातात! लिंबाचा केक, वर साय, त्यावर साखर!

“वर्ना, मला एक आठवडा दे,” डॉक्टर छाती फुगवून म्हणाले. “या वसाहतीत कुणी केकला हात लावणार नाही!”

या खेपेला त्यांनी चष्मा नाकावर ठेवून, दोनदा उघडून, खात्री करून तो चौकोन क्लबच्या दारावर चिकटवला. दुपारी सगळी म्हातारी मंडळी गोल बसली, मोबाइल हातोहात फिरला, पुस्तक पहिल्या जबड्यापासून शेवटच्या जबड्यापर्यंत वाचून झालं. डॉक्टर पडद्याआड किंकाळीची वाट बघत उभे होते.

“छान आहे रे पुस्तक, ऑर्विल,” वर्ना म्हणाली. “आमचे जुने दिवस आठवले.”

मग सगळ्यांनी आपापले दात काढून रुमालात गुंडाळून बाजूला ठेवले आणि केक कापला.